प्लंबरची नोकरी ते स्वतःचा छोटा प्लंबिंगचा धंदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सात वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली पाईप जोडले, मग स्वतःचं सुरू केलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. नवीन पोरं सारखं तेच तेच विचारतात आणि मी फोनवर अर्धा अर्धा तास तेच सांगत बसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. शुद्धलेखन वगैरे बघू नका, हाताला पेनापेक्षा पाना सवयीचा आहे.

प्लंबर व्हायला शिक्षण किती लागतं?

गुणाकार-भागाकार, अपूर्णांक आणि टक्केवारी आलीच पाहिजे, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. अर्धा इंच, पाऊण इंच, सव्वा इंच, आमचं सगळं जग अपूर्णांकात चालतं, आणि पुढे धंदा करायचा तर टक्केवारीत चूक झाली की सरळ खिशातून जातात. टेक्निकल कोर्स केला असेल तर उत्तमच, ड्रॉइंग वाचता येतं, मटेरियलची माहिती होते. पण नुसता कोर्स करून आलेल्या पोराला भिंतीतला गंजलेला निपल (जोडणीचा आखूड पाईप) काढायला सांगा, अर्धा हातात येतो आणि अर्धा आतच राहतो. तेव्हा दोन्ही पाहिजे, आणि त्यातल्या त्यात एकच निवडायचं असेल तर मी म्हणेन चांगला उस्ताद शोधा.

उस्तादाच्या हाताखाली किती वर्षं काढायची?

बऱ्याच देशांत रीतसर अप्रेंटिसशिप साधारण ३ ते ५ वर्षांची असते, आणि तो आकडा उगाच आलेला नाही. पहिलं वर्ष सामान उचलण्यात आणि पाईपसाठी भिंतीत खाचा मारण्यात जातं, दुसऱ्या वर्षी जोडायला देतात, तिसऱ्या वर्षी तुम्हीच जोडलेलं गळायला लागतं तेव्हा खरं शिक्षण सुरू होतं. एकाच प्रकारच्या कामावर मात्र अडकू नका. नवीन बिल्डिंगच्या साईटवर चार वर्षं काढलेला माणूस जुन्या घरात गेला की गांगरतो कारण तिथे कुठला पाईप कुठून आलाय हे बांधणाऱ्यालाच ठाऊक. रिपेअरिंग आणि नवीन काम दोन्ही करा.

हेल्परकी करताना नेमकं शिकायचं काय?

आटे, ढाळ आणि प्रेशर, बाकी सगळं याच तिघांभोवती फिरतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आट्यांचं बघा, म्हणजे पाईप-फिटिंगवरचे स्क्रूसारखे पेच. अर्ध्या इंचाच्या फिटिंगचे आटे बाहेरून मोजले तर जवळपास २१ मिमी भरतात आणि अर्धा इंच म्हणजे फक्त १२.७ मिमी, कारण हे नाव जुन्या लोखंडी पाईपच्या आतल्या भोकावरून पडलंय. त्यात परत आट्यांची दोन घराणी आहेत, बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन). एकाच्या आट्याचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६० अंश, आणि अर्ध्या इंचाला दोन्हीकडे इंचाला १४ आटेच बसतात, त्यामुळे एक दुसऱ्यात दोन-तीन फेरे मस्त जातं, टाईट पण होतं, आणि मग हळूच थेंब थेंब सुरू. मी एकदा बाहेरून मागवलेल्या एका शॉवरला तीन वेळा टेफ्लॉन टेप गुंडाळली, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त, तरी पाणी येतंच. उस्तादने काही न बोलता दोन्ही फिटिंगचे आटे एकमेकांत घालून उजेडासमोर धरले, मधून बारीक उजेड दिसत होता. मग म्हणाला, टेप काय शिमिट आहे का. अ‍ॅडॉप्टर आणला, दोन मिनिटांत काम झालं. आणि हो, टेप गुंडाळताना आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली की फिटिंग कसताना ती गोळा होऊन बाहेर येते.

ढाळ म्हणजे सांडपाण्याच्या पाईपचा उतार. १०० मिमीच्या पाईपला मीटरमागे दीड-दोन सेंटिमीटर धरून चला, यापेक्षा कमी झाला की गाळ बसतो आणि वर्षभरात चोकअपचा फोन येतो. अंदाजाने ढाळ देणारे मिस्त्री मी पाहिलेत, ते दहातल्या नऊ वेळा बरोबर असतात आणि दहावी वेळ फरशीच्या खाली असते. लेव्हल लावा. ट्रॅपमध्ये, म्हणजे बेसिन-संडासाखालच्या वाकड्या पाईपमध्ये, साधारण ५० मिमी पाणी उभं राहिलं पाहिजे, तेच गटाराचा वास अडवतं. बेसिनमधून पाणी जाताना शेवटी गुडगुड आवाज येत असेल तर ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातंय, म्हणजे व्हेंट (हवा यायचा पाईप) नाही किंवा बंद झालाय, तिथे कितीही केमिकल ओता वास येणारच. हा वाकडा ट्रॅप असलेल्या संडासाचं पेटंट १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने घेतलं होतं, प्लंबरने नाही. मला ही गोष्ट फार आवडते, आपल्या धंद्यातली सगळ्यात हुशार वस्तू एका घड्याळवाल्याच्या नावावर.

प्रेशरचं गणित सोपं आहे, पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार. टाकी शॉवरच्या फक्त ३ मीटर वर असेल तर प्रेशर ०.३ बारच मिळणार, मग गिऱ्हाईकाने ताटाएवढा शॉवर आणला तर तो टिपकणारच आणि शिव्या तुम्हालाच. पाईप जाड टाकला तर घर्षण कमी होतं, पाणी जरा मोकळं येतं, पण उंचीने जे दिलंय त्यापेक्षा जास्त काही मिळत नाही. हे गिऱ्हाईकाला आधी सांगता आलं पाहिजे, शॉवर लावल्यावर नाही.

आणि एक, नवीन पोरं हमखास घोळ घालतात ते इथे. प्लास्टिकचे पाईप दोन जातीचे, सीपीव्हीसी चिकटवून जोडतात आणि पीपीआर तापवून. सीपीव्हीसीला सॉल्व्हंट (चिकटवायचं द्रावण) लावला की पाईप आत ढकलताना पाव फेरा फिरवायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचा. पीपीआरला मात्र मशीन २६० अंशाला तापवून, २० मिमीच्या पाईपला ५ सेकंद आणि २५ ला ७ सेकंद तापवायचं, सरळ घालायचं आणि अजिबात फिरवायचं नाही. एकाची सवय दुसऱ्याला लावली की जॉइंट दिसायला छान दिसतो आणि प्रेशर आलं की बोलतो.

नोकरी सोडायची वेळ झाली हे कसं कळणार?

मालकाशी भांडण झालं म्हणून सोडू नका, हे पहिलं. माझा हिशोब असा होता, की घर बघणं, मोजमाप, सामानाची यादी, काम, टेस्टिंग, बिल, हे सगळं एखाद्या पूर्ण बाथरूमचं मला कुणाला न विचारता करता येतं का. काम येत होतं, यादी येत नव्हती. मी करायचो ती यादी आणि प्रत्यक्षात लागलेलं सामान यात दर वेळी सात-आठ फिटिंगचा फरक, आणि एका एल्बोसाठी दुकानात जाऊन यायला पाऊण तास. नोकरीत तो पाऊण तास मालकाचा असतो, धंद्यात तुमचा. मग मी वर्षभर मालकाच्या कामांच्या याद्या आधी घरी स्वतः करायचो आणि नंतर ताडून बघायचो. फरक एक-दोनवर आला तेव्हा सोडलं.

सुरुवातीला कोणती हत्यारं घ्यायची?

जी रोज लागतात ती चांगल्यातली चांगली: दोन पाईप पाने, एक स्लाइड रेंच, पक्कड, पाईप कटर, हॅक्सॉ, लेव्हल, मीटर टेप, बॅटरीवालं ड्रिल, डोक्याला लावायचा लाईट, आणि प्रेशर टेस्टिंगचा हातपंप. या शेवटच्यावर लोक पैसे वाचवतात आणि तिथेच फसतात. पाईप जोडायचं मशीन कोणत्या मटेरियलची कामं जास्त आहेत ते बघून घ्या. ड्रेनेज साफ करायचं मोठं मशीन, पाईपमध्ये घालायचा कॅमेरा, हे आधी भाड्याने आणा. महिन्यातून चार वेळा भाड्याने आणावं लागायला लागलं की मग विकत घ्या. मी पहिल्याच वर्षी आटे पाडायचं इलेक्ट्रिक मशीन घेतलं होतं, भारी दिसायचं, आणि तोपर्यंत सगळे प्लास्टिक पाईपवर गेले होते. अजून पडलंय.

भांडवल किती लागतं?

आकडा सांगत नाही, तो ठिकाणावर असतो. पण पद्धत सांगतो. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा, त्याला हात लावायचा नाही. त्याशिवाय, तुम्ही एका वेळी जेवढी कामं घेणार त्यांच्या सामानाचा खर्च, कारण सामान आज रोख आणि बिल महिन्याने. नवीन धंदा बुडतो तो बहुतेक वेळा कामाअभावी नाही बुडत, कामं असतात, पैसे बाहेर अडकलेले असतात आणि दुकानदाराला द्यायला खिशात काही नसतं.

लायसन्स, रजिस्ट्रेशन, विमा हे खरंच लागतं का?

लागतं. नियम जागेप्रमाणे बदलतात, पाण्याच्या मेन लाईनला आणि गॅसच्या पाईपला हात लावायला तर बऱ्याच ठिकाणी वेगळं लायसन्स असतं, त्यामुळे आपल्या भागातल्या ऑफिसात जाऊन स्वतः विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. विम्याचं म्हणाल तर मला पण सुरुवातीला फालतू खर्च वाटायचा. मग एका ओळखीच्या मिस्त्रीने लावलेला फ्लेक्झिबल पाईप रात्री फुटला, घरचे बाहेरगावी, पाणी दोन दिवस वाहत होतं आणि खालच्या मजल्याचं लाकडी फ्लोरिंग पूर्ण फुगलं. वस्तू एवढीशी होती, भरपाई वर्षभर फेडत होता. दुसऱ्याच दिवशी मी विमा काढला.

रेट कसा ठरवायचा? बाजूवाला घेतो तेवढाच घ्यायचा का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं सगळ्यात जास्त नुकसान पण इथेच झालंय, म्हणून हे नीट वाचा, बाकीचं नाही वाचलं तरी चालेल.

समजा महिन्याला २६ दिवस काम, दिवसाला १० तास घराबाहेर, म्हणजे २६० तास. मी सुरुवातीला सगळा खर्च अधिक माझा पगार याला २६० ने भागून रेट काढला होता. कामं भरपूर, रात्री आठ वाजता घरी, आणि महिन्याच्या शेवटी नोकरीत होते त्याहून कमी पैसे. समजेना. मग बायको म्हणाली, तू म्हणतोस १० तास काम करतो, पण आज दुपारी फोन केला तर तू दुकानात, संध्याकाळी केला तर ट्रॅफिकमध्ये. एक महिना खिशात छोटी वही ठेवून लिहीत गेलो की पाना हातात किती वेळ होता, म्हणजे ज्या वेळेचे गिऱ्हाईक पैसे देतो तो वेळ. १२४ तास भरले. बाकीचे १३६ तास कुठे गेले? साईट बघायला जाणं, आणि त्यातली अर्धी कामं मिळत नाहीत, सामान आणणं, येणं-जाणं, फोन, कोटेशन, बिलं, पैशासाठी हेलपाटे, गळलेलं परत करून देणं.

आता खर्च अधिक पगार मिळून महिन्याला १००० धरा, नुसता आकडा म्हणून. २६० ने भागलं तर तासाला ३.८५ येतात. १२४ ने भागलं तर ८ च्या वर. मी दुप्पट घ्यायला पाहिजे होते आणि निम्म्यात काम करत होतो, वर्षभर.

खर्चात काय काय धरायचं तर गाडीचं इंधन आणि दुरुस्ती, फोन, विमा, अकाउंटंट, हत्यारांची झीज (मशीन ५ वर्षं चालणार असेल तर किमतीचा ६० वा भाग दर महिन्याला), आजारपणाचे दिवस, आणि तुमचा स्वतःचा पगार. स्वतःचा पगार लोक धरत नाहीत, उरेल ते माझं म्हणतात. उरत नाही. आणि पगार देऊन वर धंद्याला म्हणून पण काहीतरी राहिलं पाहिजे, नाहीतर मशीन बिघडलं की परत उधार.

बाजूवाल्याचा रेट बघा जरूर, पण तो त्याने कसा काढलाय हे तुम्हाला माहीत नाही, कदाचित तो पण २६० ने भागत असेल बिचारा.

पण एवढा रेट सांगितला तर गिऱ्हाईक पळून जाईल ना?

काही पळतात. मी रेट वाढवला तेव्हा गेले ते बहुतेक तेच होते जे दर वेळी घासाघीस करायचे आणि पैसे पण उशिरा द्यायचे, त्यामुळे वाईट वाटायचं तेवढं वाटलं नाही. दुसरं म्हणजे तासाचा रेट गिऱ्हाईकाला सांगूच नका, तासाचं गणित तुमच्या वहीत राहू दे. त्याला उक्तं सांगा, हे काम एवढ्यात होईल. तासावर काम घेतलं की गिऱ्हाईक मागे घड्याळ घेऊन उभा राहतो आणि तुमचा हात जितका साफ होईल तितके पैसे कमी मिळतात, हा उलटा न्याय आहे. अपवाद एकच, भिंतीत किंवा जमिनीखाली काय आहे हे दिसतच नसेल तर गळती शोधायचं काम रोजावर किंवा तासावरच घ्या.

मालावर मार्जिन लावायचं का, किती?

लावायचं. माल तुम्ही निवडता, आणता, खराब निघाला तर बदलून तुम्ही देता, ते फुकट कशाला. फक्त टक्केवारीत फसू नका. १०० ला आणलेली वस्तू २५ लावून १२५ ला दिली तर नफा २५ टक्के झाला असं वाटतं, पण विक्रीवर तो २० टक्केच असतो. विक्रीवर २५ टक्के पाहिजे असतील तर १३३ ला द्यावी लागते. आणि त्या १२५ वर गिऱ्हाईकाला खूश करायला १० टक्के सूट दिलीत की साडेबारा गेले, म्हणजे निम्मा नफा. "दहा टक्केच तर मागतायत" असं म्हणताना हे डोक्यात असू द्या.

कोटेशनमध्ये काय लिहायचं?

काय करणार ते सगळेच लिहितात, काय नाही करणार ते लिहा. माझ्या पहिल्या मोठ्या बाथरूमच्या कोटेशनमध्ये "जुनी लाईन काढून नवीन टाकणे" एवढंच होतं. फरशी फोडली, खाचा मारल्या, आणि एक ट्रॉलीभर डेब्रिज जमा झालं. ते उचलायचं कोणी? गिऱ्हाईक म्हणाला "काढून" लिहिलंय ना. उचललं झक मारत, दोन माणसं एक दिवस. तेव्हापासून ओळ ठरलेली आहे: डेब्रिज उचलणे, खाचा बुजवणे, टाइल्स, रंग आणि वायरिंग यात धरलेलं नाही.

कोटेशन किती दिवस चालेल ते पण लिहा, पाईपचे भाव हलतात. आणि कन्सिल्ड (भिंतीत लपवलेली) लाईन असेल तर टेस्टिंगसाठी एक रात्र लिहूनच ठेवा. मी लाईन नेहमीच्या प्रेशरच्या दीडपट भरून प्रेशरचा काटा रात्रभर लावून ठेवतो. एका ठिकाणी गिऱ्हाईकाला घाई, टाइलवाला दारात उभा, सगळे म्हणतायत झालं की आता, दोन तास टिकलंय. मी अडून बसलो. सकाळी काटा १० वरून ७ वर. शोधता शोधता गिझरच्या मागच्या कोपऱ्यात एल्बोखाली बोटाला नुसता ओलसरपणा लागला, डोळ्याला दिसत पण नव्हतं. तिथे हात पोचत नव्हता म्हणून पोराने पाव फेरा न देता नुसतं ढकललं होतं. टाइल लागली असती तर ते सहा महिन्यांनी शेजाऱ्याच्या भिंतीवर दिसलं असतं.

भिंत बुजवायच्या आधी फोटो काढा, आणि फोटोत मीटर टेप उघडून धरा, फरशीपासून आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर पाईप आहे ते दिसेल असा. एक कॉपी गिऱ्हाईकाला द्या. दोन वर्षांनी आरसा लावायला ड्रिल मारताना तो तुमचीच आठवण काढेल, चांगल्या अर्थाने.

पहिली गिऱ्हाईकं कुठून आणायची?

ओळखीतून, हार्डवेअरच्या दुकानातून, आणि दुसऱ्या कारागिरांकडून. टाइलवाला, इलेक्ट्रिशियन, सुतार, यांना तुमच्या आधी कळतं की कुठे काम निघालंय. त्यांची कामं बिघडवू नका, खाचा मारताना त्यांची वायर तुटली तर लपवू नका, सांगा. ऑनलाइन नाव टाका, फोटो टाका, पण सगळ्यात जास्त कामं मला कशाने मिळाली सांगू? फोन उचलल्याने. खरंच. घरात पाणी साचलेला माणूस लिस्टमधल्या पहिल्या नंबरला लावतो, नाही उचलला की दुसऱ्याला. हात ओले असतील तर निदान तासाभरात उलटा फोन करा आणि सांगा की आज नाही जमणार, उद्या अमुक वाजता येतो, आणि अमुक वाजता जा. एवढं केलं तरी अर्ध्या बाजाराच्या पुढे जाल.

जुन्या मालकाची गिऱ्हाईकं फोडायची का?

नाही. स्वतःहून फोन करायचा नाही. ते शोधत आले तर मी आधी मालकाला सांगायचो. एक-दोनदा तो म्हणाला घे तूच, मला ते छोटं काम नकोच आहे. आज पण त्याच्याकडून मला कामं येतात.

पैसे अडकले तर काय करायचं?

आधी अडकू द्यायचे नाहीत. मी तीन भागात घेतो: सामानापुरता अ‍ॅडव्हान्स, टेस्टिंग पास झाल्यावर मोठा भाग, आणि नळ-बेसिन बसल्यावर बाकी. तिसरा भाग छोटा ठेवा कारण तोच अडकतो. दुसऱ्या वर्षी एका बिल्डरचं नऊ फ्लॅटचं काम घेतलं होतं, खूप खूश होतो, बाकीच्या छोट्या गिऱ्हाईकांना नाही नाही म्हणत होतो. शेवटचा हप्ता, "पुढच्या साईटला अ‍ॅडजस्ट करू". पुढची साईट आलीच नाही. चार महिन्यांची कमाई गेली आणि छोटी गिऱ्हाईकं तोवर दुसऱ्याकडे. आता एका पार्टीचं काम एकूण कामाच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ देत नाही, कितीही गोड बोलू दे.

केलेलं काम परत गळलं तर फुकट करून द्यायचं?

तुमच्या जोडणीची चूक असेल तर फुकट आणि त्याच दिवशी, तोंड न वाकडं करता. पण दर वेळी वहीत कारण लिहा. माझ्या वहीत सहा महिन्यांत सगळ्यात जास्त वेळा एकच गोष्ट आली, बेसिनच्या खालच्या ट्रॅपचा नट. मी नळ सोडून बघायचो, कोरडं दिसायचं, निघायचो. पण नुसता नळ चालू असताना तिथे पाणी पातळ धारेने जातं, खरा भार येतो तो बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडल्यावर. आता निघण्याआधी दहा मिनिटं तेवढंच करतो, बेसिन भरायचं, जॉइंटला कोरडा टिश्यू गुंडाळायचा, बूच काढायचं, टिश्यू बघायचा. परतीच्या चकरा निम्म्याहून कमी झाल्या.

माणूस कधी ठेवायचा?

सलग तीन महिने चांगली कामं सोडावी लागत असतील तर. एक महिना गर्दी झाली म्हणून नाही. आणि पहिला माणूस हेल्परच असला पाहिजे असं काही नाही. ते १३६ तास आठवतात का? माझा पहिला माणूस म्हणजे रोज तीन तास फोन, बिलं आणि वसुली बघणारी एक ताई होती. सगळे हसले, एकटा प्लंबर आणि ऑफिसला माणूस. तिच्यामुळे माझे पान्याचे तास दीडशेच्या वर गेले आणि उधारी वसूल व्हायला लागली कारण तिला फोन करायला संकोच नव्हता, मला होता. हेल्पर नंतर ठेवला.

पार्टनरशिप करावी का?

लेखी असेल तर. कोण किती टाकणार, कोण किती काढणार, आणि वेगळं व्हायचं तर मशीन कोणाकडे जाणार. शेवटचं आधी लिहा.

जिवाला धोका असलेली कामं कोणती?

सेप्टिक टँकमध्ये आणि खोल चेंबरमध्ये उतरायचं नाही. कितीही पैसे देऊ देत. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, कमी असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच मरतं आणि वास यायचा बंद होतो, म्हणजे माणसाला वाटतं गॅस गेला. मग एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तो पण. हे काम मशीनचं आहे.

गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह टिपकतो म्हणून कोणी बूच मारायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा. पाण्याची वाफ झाली की ती साधारण १६०० पट जागा मागते, आणि तो व्हॉल्व्हच तिचा एकमेव रस्ता आहे. एका घरी असं बूच मारलेलं सापडलं, मी आधी मेन स्विच बंद केला, सगळ्यांना बाहेर काढलं, आणि गार होईपर्यंत दोन तास जिन्यात बसून राहिलो.

जुन्या घरात शिशाचे पाईप किंवा अ‍ॅस्बेस्टॉस निघालं तर कोरडं ग्राइंडर मारू नका. आणि गुडघ्याला पॅड पहिल्या दिवसापासून लावा, चाळिशीनंतर लावून उपयोग नाही, हे मी दुखऱ्या गुडघ्याने लिहितोय.

रात्री अकरा वाजता फोन आला तर जायचं का?

रात्रीचा रेट वेगळा ठेवा आणि फोनवरच सांगा. पण त्याआधी विचारा, मेन व्हॉल्व्ह कुठे आहे माहिती आहे का. बऱ्याच जणांना नसतं. टाकीकडून येणारा पाईप, मीटरच्या शेजारी, सिंकखाली, जिन्याखाली, असं एकेक सांगत शोधायला लावा, उजवीकडे फिरवून बंद करायला सांगा, पाणी थांबलं का विचारा. दहातल्या सात वेळा थांबतं. मग सांगा सकाळी आठला येतो, बादली लावून झोपा.